‘द रेजीम’ पाहिलेल्यांचे (आणि अर्धवट सोडलेल्यांचे) वारंवार येणारे प्रश्न

परभणीत आमचा दहा-बारा जणांचा कट्टा आहे. रविवारी संध्याकाळी कुणाच्या तरी घरी जमायचं, काहीतरी बघायचं आणि बघण्यापेक्षा जास्त वेळ त्यावर भांडायचं, एवढाच कार्यक्रम. ही मालिका आम्ही सहा रविवार पाहिली. मी त्यावर चार ओळी लिहून ओळखीच्यांना पाठवल्या. त्या नांदेड, लातूर, अंबाजोगाई फिरून माझ्याकडंच परत आल्या, आणि मागून प्रश्न आले. तेच तेच प्रश्न येतात म्हणून उत्तरं एकदाच लिहून ठेवतोय. प्रश्न १३ मध्ये शेवट फोडलेला आहे. मालिका बघायची असेल तर तो सोडा.

१. मालिका आहे तरी कशाबद्दल? थोडक्यात सांगा.

केट विन्स्लेटची सहा भागांची इंग्रजी मालिका. मार्च-एप्रिल २०२४ मध्ये एचबीओवर आली, आपल्याकडं तेव्हा जिओसिनेमावर दिसली. विल ट्रेसीनं निर्माण केली, दिग्दर्शन स्टीफन फ्रिअर्स आणि जेसिका हॉब्ज या दोघांचं. मध्य युरोपातल्या एका काल्पनिक देशाची चॅन्सलर एलेना व्हर्नहॅम ही नायिका. बाई मूळची डॉक्टर, निवडून आलेली, आणि आता खुर्चीला चिकटलेली. राजवाड्यातून बाहेर पडत नाही, भिंतीतल्या ओलीला भिते, मेलेल्या बापाशी गप्पा मारते, आणि टीव्हीवरून जनतेशी प्रेमात पडल्यासारखी बोलते. हर्बर्ट झुबाक नावाचा एक सैनिक तिच्या सेवेत येतो. खाणीतल्या आंदोलकांना मारल्यामुळं ‘खाटीक’ म्हणून बदनाम झालेला. त्याच्या नादानं एका वर्षात देशाचं कसं वाटोळं होतं, ती ही गोष्ट.

२. हा देश नेमका कुठला? नकाशात सापडत नाही.

सापडणारच नाही. मालिकेत देशाला नावच दिलेलं नाही. ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ हे ऐकत मोठे झालेल्या आमच्या एका मित्रानं पहिल्याच दिवशी तो देश जर्मनीच्या शेजारी बसवून टाकला. चालायचं. राजवाड्याचं काही चित्रीकरण व्हिएन्नातल्या शोनब्रून राजवाड्यात झालंय, त्यामुळं डामडौल मात्र खराखुरा आहे.

देशाची कमाई कोबाल्टच्या खाणींवर आणि साखरेच्या बीटावर. बीट ऐकल्यावर गंगाखेडकडचे एक काका सरसावून बसले: “म्हंजे हे बी कारखानदारच की!” पुढचे पाच भाग ते बीटाला भाव किती मिळतो याचीच वाट बघत राहिले. मालिकेनं काही त्यांना तो सांगितला नाही.

३. इंग्रजी फारसं कळत नाही. तरी बघावी का?

सबटायटल लावून बघा. इंग्रजी चांगलं असलं तरी लावा, कारण एलेना तोंडाच्या एका कोपऱ्यातून बोलते, ओठ जरासा वाकडा करून. विन्स्लेटनं ही लकब मुद्दाम घेतली आहे. आमच्याकडं पहिल्या भागात दोघांना वाटलं, टीव्हीच्या आवाजात बिघाड आहे.

४. घरी सगळ्यांसोबत बसून बघता येईल?

लहान मुलांसोबत नाही. शिव्या आहेत, मारहाण आहे, अंथरुणातलं आहे. सासू-सासऱ्यांसोबत बघायची की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. आमच्याकडं यजमानांच्या नव्वदीच्या आईच सगळ्यात मन लावून बघत होत्या. त्यांच्याबद्दल प्रश्न ८ मध्ये.

५. विनोदी म्हणून लावली, पण हसूच येईना. आमचं काही चुकतंय का?

सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न हाच, म्हणून जरा सविस्तर.

तुमचं काही चुकत नाही. बहुतेक जण एलेनावर हसायचं म्हणून बसतात आणि बाई हसवत नाही, दमवते. हसायची जागा तिच्या बाजूला आहे: मंत्री, नवरा, राजवाड्याचा कारभार बघणारी अॅग्नेस, जेवायला बोलावलेले पाहुणे. पहिल्या भागात मेजवानी आहे. एलेना माइक घेऊन शिकागो बँडचं एक जुनं गाणं म्हणते. बेसूर म्हणते. आता तिच्याकडं बघू नका, ऐकणाऱ्यांची तोंडं बघा. कुणी किती हसायचं, कुणी केव्हा थांबायचं, याचा हिशेब प्रत्येकाच्या डोळ्यांत चाललेला दिसतो.

आमच्या खोलीत हशा फुटला तो इथं. मी मात्र हसलो नाही, कारण मला आमचं कार्यालय आठवलं. नाव घेत नाही. साहेबांचा वाढदिवस, सभागृहात कराओके, साहेबांच्या हातात माइक. स्पीकरची पिन सैल होती, वायर हलली की खर्र व्हायचं. म्हणून शिपाई दोन्ही कडवी ती वायर चिमटीत धरून, श्वास रोखून उभा. साहेबांनी अंतऱ्याला सूर सोडला आणि तो परत काही सापडला नाही. गाणं संपल्यावर पहिली टाळी वाजली, ती माझी. ‘वन्स मोअर’ही मीच ओरडलो. माझ्या बदलीचा अर्ज तेव्हा साहेबांच्या टेबलावर होता.

तर मालिका परत लावा आणि टाळ्या वाजवणाऱ्यांवर नजर ठेवा. तरीही हसू आलं नाही तर प्रश्न ११ वाचा, तिथं दुसरं एक कारण आहे.

६. ओलीला आणि बुरशीला ती इतकी का भिते? हा भाग आम्हाला पटलाच नाही.

मराठवाड्यात तो पटणं अवघडच आहे. गोष्टीतलं कारण सांगतो: तिचा बाप फुप्फुसाच्या आजारानं गेला, आणि आपल्यालाही तोच रोग लागणार असं तिच्या मनानं घेतलंय. म्हणून राजवाड्याच्या भिंती फोडतात, यंत्रं लावतात, आणि झुबाकचं पहिलं काम काय, तर हवेतला दमटपणा मोजणारं यंत्र हातात धरून बाईंच्या पुढं पुढं चालायचं. पुढं तो गावठी उपाय सुचवतो आणि महालभर उकडलेल्या बटाट्यांची वाफ दरवळते.

आम्ही हे बघत होतो मे महिन्यात. बाहेर ४३ अंश, कूलरमध्ये पाणी टाकायची पाळी कुणाची यावर वाद, आणि पडद्यावर एक बाई ओल आहे म्हणून रडतेय. वसमतकडचे एक शेतकरी मित्र शांतपणे म्हणाले, “आमच्या रानात पाठवा म्हणावं तिला.” आपल्याकडं मृगाचा पाऊस पडला की पहिला प्रश्न, ओल किती गेली? वीतभर गेली की दोन वीत? काळ्या रानात हात घालायचा, माती मुठीत दाबायची, लाडू वळला तर पेरायचं, भुगा झाला तर थांबायचं. आपलं यंत्र ही मूठच. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. पहिल्या गाडीत दहा वाघिणी, पाच लाख लिटर. ती गाडी बघितलेल्या माणसाला ओलीची भीती समजावून सांगायची म्हणजे कठीणच.

पण ही अडचण थोडी फायद्याचीही ठरली. युरोपातल्या प्रेक्षकाला दमट भिंत ओळखीची, त्याला वाटत असेल, बाईचं थोडं अति होतंय इतकंच. आम्हाला ती भीती मुळातच परकी, त्यामुळं नजर लगेच दुसरीकडं गेली: तिला ओल दिसते म्हटल्यावर ती सगळ्यांनाच दिसायला लागते. यंत्रावर आकडा काय आला, हे कुणी विचारत नाही.

७. बापाचं प्रेत काचेच्या पेटीत ठेवून त्याच्याशी बोलायचं, हे अतिच झालं. असं कुठं असतं का?

प्रेत जपून ठेवायची उदाहरणं जगात आहेत. लेनिन १९२४ मध्ये गेला, त्याचा देह अजून मॉस्कोत आहे. पण तुम्ही बीड जिल्ह्यातून हा प्रश्न विचारलात म्हणून सांगतो, इतकं लांब जायची गरज नाही. मुहम्मद बिन तुघलकाचा दात बीडजवळ दुखायला लागला आणि पडला. तो त्यानं समारंभानं पुरला आणि त्यावर घुमट बांधवला, असं फिरिश्ता हा इतिहासकार लिहितो. बीडच्या परिसरात ती दाताची कबर अजून दाखवतात.

दाताला कबर मिळालेल्या मुलखात बापाला काचेची पेटी मिळाली तर तक्रार कशाला? पेटीचा उपयोग मात्र नीट बघा. एलेना तिथं जाते तेव्हा तिला उलट उत्तर देणारं कुणी नसतं, तरी ती भांडते, रुसते, स्वतःची बाजू मांडते. अख्ख्या महालात ती ज्याचं मत विचारते असा तो एकटाच, आणि तो मेलेला.

मग ही तुघलकाचीच गोष्ट म्हणायची का? हा पोटप्रश्न संभाजीनगरकडच्यांचा, हमखास येणारा. दौलताबादचा किल्ला रोज दिसत असल्यावर येणारच. माझं उत्तर: नाही. १३२७ मध्ये राजधानी देवगिरीला आणून तिचं दौलताबाद केलं, त्यामागं दक्षिण ताब्यात ठेवायचा हिशेब होता. पुढं तांब्या-पितळेची नाणी चांदीच्या भावानं चालवली, लोकांनी घरोघर खोटी पाडली, तेव्हा ती परत घेऊन खजिन्यातून खरी नाणी दिली. माणूस विद्वान होता, हुकूम मात्र असे की जनता मेटाकुटीला यायची. आपल्याकडं ‘तुघलकी फर्मान’ म्हणतात ते त्या हुकमांमुळं. एलेनाकडं असा हिशेब नाही. तिचा बेत काल कोण शेवटचं बोललं यावर ठरतो. शेजारचा फाबान कॉरिडॉर गिळायचा निर्णयही अशाच लहरीतून येतो.

८. आमच्या आजोबांना मालिका बघून निजाम आठवला. ही तुलना बरोबर आहे का?

अर्धी.

विक्षिप्तपणापुरती जुळते. शेवटचा निजाम मीर उस्मान अली १९११ ते १९४८ गादीवर होता. ‘टाइम’ साप्ताहिकानं फेब्रुवारी १९३७ मध्ये त्याला जगातला सर्वात श्रीमंत माणूस म्हणून मुखपृष्ठावर छापलं, आणि त्याच वेळी त्याच्या कंजूषपणाच्या गोष्टी गावोगाव चालत. जेकब हिरा तो कागद उडू नयेत म्हणून टेबलावर ठेवायचा, ही त्यातली सगळ्यात लाडकी. तो हिरा १९९५ मध्ये भारत सरकारनं इतर दागिन्यांसोबत विकत घेतला. हे सगळं गमतीनं सांगता येतं.

निजामाच्या बाजूचे सशस्त्र रझाकार मात्र गमतीनं सांगता येत नाहीत. यजमानांच्या आई, आम्ही त्यांना काकू म्हणतो, १९४८ मध्ये चौदा वर्षांच्या होत्या. एलेनावर त्या पदर तोंडाला लावून खुदुखुदु हसायच्या. “बया, सोंगच हाय” म्हणायच्या. झुबाक आला की गप्प. तिसऱ्या रविवारी मी विचारलंच. म्हणाल्या, “ती सोंग हाय. ह्यो नाही. असल्याच्या भ्यानं आम्ही दोन रात्री जोंधळ्यात काढल्यात.” मग त्यांनी जोंधळ्याची पानं मानेला कशी कापतात ते बोटानं दाखवलं, मानेवर रेघ ओढून, आणि परत टीव्हीकडं वळल्या. त्या काळी सरहद्दीवरच्या गावांतून माणसं बार्शी-सोलापूरकडं निघून गेली होती. काकूंच्या घरचेही गेले. १३ ते १७ सप्टेंबरच्या पोलीस कारवाईनंतर परतले.

म्हणून तुलना करायचीच तर एलेनाची निजामाशी करण्यापेक्षा झुबाकची रझाकारांशी करा, आणि ती त्या पिढीसमोर जपून करा. आपल्या बोलण्यात ‘काय मोगलाई लागलीय का?’ हा प्रश्न अजून टिकून आहे. मोगलाई म्हणजे हाच निजामी मुलूख. ज्यांनी तो पाहिला नाही तेही अडवणूक झाली की हेच विचारतात.

९. खरं सांगा, ही आपल्या अमुक-अमुक नेत्यावर आहे ना?

हा प्रश्न एकाच आठवड्यात दोघांनी विचारला. दोघं विरुद्ध पक्षांचे, आणि दोघांनी घेतलेली नावं वेगळी. दोघांनाही खात्री होती. मी एकाचा निरोप दुसऱ्याला पाठवायच्या मोहात होतो, पण दोघांशीही संबंध चांगले आहेत.

एलेना कुणा एकाची नक्कल नाही, बऱ्याच हुकूमशहांच्या तुकड्यांची गोधडी आहे. तुम्हाला त्यात ओळखीचा तुकडा दिसला तर तो तुमचा.

१०. समीक्षकांनी नावं ठेवली म्हणे. मग वेळ का घालवायचा?

मतं दुभंगली, हे खरं. विन्स्लेटच्या कामाची बहुतेकांनी तारीफ केली, तिला गोल्डन ग्लोबचं नामांकनही मिळालं. लिखाणाबद्दल कुरकुर होती: टीका बोथट आहे, कुठल्या जगावर बोलतेय ते ठरत नाही. मला स्वतःला पहिले दोन भाग चोख वाटले. मधे कथा फुगते. चौथ्या भागात ह्यू ग्रँट येतो, तुरुंगात टाकलेला जुना सत्ताधारी म्हणून, आणि थोड्याच वेळात भाग खिशात घालतो. पाचवा आमच्याकडं निम्म्यांनी चहा पीत बघितला.

११. मराठीत असं राजाची टोपी उडवणारं का होत नाही?

होत नाही कसं? टीव्हीवर कमी होतं म्हणा. पैठणच्या नाथांनी सोळाव्या शतकात सरकारी कागदांची नक्कल करून भारुडं लिहिली. अर्जदस्त, जाबचिठ्ठी, ताकीदपत्र, सगळा फारसीमिश्रित दरबारी थाट. त्यांचे गुरू जनार्दनस्वामी दौलताबादच्या किल्ल्यावर अधिकारी होते, तेव्हा हा कागदी थाट नाथांनी जवळून बघितलेला. पुढं तमाशाच्या वगात राजा आला, प्रधान आला, हवालदार आला, आणि त्यांची फजिती करायला सोंगाड्या आला.

आमच्या कट्ट्यावर पाथरीचे एक निवृत्त शिक्षक आहेत, तरुणपणी गावच्या वगात हवालदार व्हायचे. त्यांची तक्रार मला सगळ्यात नेमकी वाटली: “ह्यात सोंगाड्याच नाही हो!” वगातला राजा कितीही खुळा असू दे, सोंगाड्या त्याच्या तोंडावर बोलतो, पोटार्थी माणसाची बाजू मांडतो आणि जिवंत सुटतो. तेव्हा पब्लिकचा ऊर मोकळा होतो. एलेनाच्या महालात असा कुणी नाही. मस्करी करायची सोय कुणालाच नाही, म्हणून आपण हसायला टेकलो की घशात अडकतं. प्रश्न ५ मधलं राहिलेलं कारण हे. वग बघून मोठ्या झालेल्या आपल्या लोकांना ते जास्त जाणवतं. ज्यांनी वग बघितला नाही त्या पोरांना मालिका बिनतक्रार आवडली.

आणि दरबारी माणूस खोटं कौतुक करता करता स्वतःच त्यावर विश्वास ठेवू लागतो, हे मात्र वगात नसतं. तिथं ही मालिका दोन पावलं पुढं आहे.

१२. गणपतीत मंडळासमोर मोठ्या पडद्यावर दाखवावी म्हणतो. चालेल?

नाही. घरचं सबस्क्रिप्शन घरापुरतं असतं. सार्वजनिक ठिकाणी दाखवायला हक्कदारांची वेगळी परवानगी लागते, तिकीट लावलं नाही तरी. शिवाय प्रश्न ४ वाचा आणि पुढच्या रांगेत कोण बसतं ते आठवा. कल्पना आवडली असेल तर स्वतःचा वग लिहा. राजा नवा, गाव नवं, सोंगाड्या मात्र ठेवा.

१३. शेवट कळला नाही. ती जिंकली की हरली? (शेवट फुटेल!)

बंड राजवाड्यापर्यंत येतं, एलेना आणि झुबाक पळतात. सगळं संपलं असं वाटत असताना ती परत खुर्चीवर बसते. या वेळी दोरी पैसेवाल्यांच्या आणि अमेरिकेच्या हातात. बदल्यात झुबाकचा बळी जातो, आणि तोही काचेच्या पेटीत. म्हणजे जिंकली म्हणायचं तर ती बाहुली झाली, आणि हरली म्हणायचं तर गादी तिचीच. आमच्याकडं यावर साडेनऊपर्यंत वाद चालला. काकूंनी मधेच विचारलं, “अन् ते खाणीतले लोक? त्यांचं काय झालं?” मालिकेनं ते दाखवलेलं नाही. त्यांना तसं सांगितलं. “मंग अर्धीच दावली की,” म्हणाल्या आणि झोपायला गेल्या.

१४. झुबाकवर हसणं म्हणजे त्याची पापं हलकी करणं नाही का?

लातूरच्या एका प्राध्यापक बाईंचा प्रश्न. सगळ्यात अवघड, आणि माझं मत यावर दोनदा बदललंय. सुरुवातीला वाटलं, हो. खाणीतले मेलेले लोक मालिकेत फारसे दिसत नाहीत, आणि मारणारा मात्र आपल्याला हळूहळू आवडायला लागतो. मग वाटलं, हेच तर दाखवायचं असेल: खुनी माणूस प्रेमात पडला की आपण मेलेले विसरतो. आता परत पहिल्या मताकडं झुकलोय, त्याला कारण काकूंचा वरचा प्रश्न. बाईंनी यावर मला तीन पानी उत्तर पाठवलंय. ते अजून वाचतोय.

१५. दुसरा सीझन कधी?

सहा भागांत संपवायची म्हणूनच केलेली मालिका आहे ही. वाट बघू नका. पुढच्या रविवारी आमच्याकडं क्रिकेट आहे.